भोपळ्याला पहिली सुरी

मैत्रिणींनो, आज दुपारी घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या परळीच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सून रूथ नगरकडची, ख्रिस्ती. लग्नानंतरचा तिचा हा पहिला नाताळ. नाताळात भाजतात ती टर्की मी फक्त टीव्हीवर पाहिलीय, तिच्या माहेरी अख्खी कोंबडी भाजतात. ती म्हणाली, "आई, इथं कोंबडी नको. लाल भोपळ्यात मसालेभात भरून भाजू."

"आपल्या घरात नाताळ कशाला?" म्हणून आमचे हे ओसरीवर पाठ फिरवून बसले. मुलगा ड्युटीवर.

भात तयार झाला आणि मला एकदम आठवलं, आमच्यात अख्ख्या भोपळ्याला बाई पहिली सुरी लावत नाही. मुलाच्या जिवावर बेततं म्हणतात. रूथला हे कुठून ठाऊक असणार? तिनं सुरी उचललीसुद्धा.

"थांब!" हे दारातून ओरडले. येऊन तिच्या हातातली सुरी घेतली. मला वाटलं, गेला भोपळा उकिरड्यावर.

त्यांनी देठाभोवती गोल काप दिला. "बाईमाणसानं कापायचा नसतो. मी हाय की घरात."

रूथ हळूच म्हणाली, "आमच्याकडंही कोंबडीला पहिली सुरी पप्पाच लावायचे." तिचे पप्पा यंदाच गेले.

ह्यांनी सुरी पुसली. मग म्हणाले, "वाढताना मला बोलव. मीच कापतो."

तुमच्याकडं पहिली सुरी कोण लावतं? आमचा भोपळा अजून ओव्हनमध्येच आहे, आणि हे तिसऱ्यांदा सुरी पुसून ठेवून गेलेत.