‘वॉरंटीत बसत नाही!’

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तुम्ही एका जागी बरीच वर्षं टिकलात की ते आपोआप साठतात, आमच्या वर्कशॉपमागे भंगार साठतं तसे. कुणी टाकलं ते आठवत नाही आणि उचलून न्यायलाही कुणी येत नाही.

मी कात्रजच्या पुढे, हायवेलगतच्या एका ट्रक वर्कशॉपमध्ये वॉरंटीचं काम बघते. कर्वेनगरला आमच्या सोसायटीत कुणी विचारलं, “म्हणजे नक्की काय करता हो?” तर मी सांगते, “दिवसभर नाही म्हणते!” लोक हसतात. मला काही हसू येत नाही.

सगळ्याचं मूळ म्हणजे पाटे. ट्रकच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान असते, त्या पट्ट्या म्हणजे पाटे. माल भरला की सगळा भार त्यांच्यावर. कंपनी हिशेबाने पाटे देते आणि आमची गिऱ्हाइकं बाहेरून आणखी दोन टाकून घेतात, म्हणजे जास्त माल भरता येतो. पण बाहेरचा पाटा लागला की मागच्या सगळ्या भागांची वॉरंटी गेली. एवढं लक्षात ठेवा, बाकी काही कळायची गरज नाही.

* * *

नवी गाडी शोरूममधून निघते, आधी देवाला जाते आणि तिथून थेट इस्माईलभाईंकडे. इस्माईलभाई म्हणजे आमच्याच रस्त्यावरचे पाटेवाले. ही इकडची रीतच आहे. पहिला माल भरायच्या आधी पाटे!

एकदा अशीच एक कोरी गाडी कसल्याशा किरकोळ कामासाठी आमच्याकडे आली. काचेखालचा झेंडूचा हार अजून टवटवीत, पेढ्यांचा बॉक्स डॅशबोर्डवर, आणि खाली दोन जादा पाटे. आमचे वर्क्स मॅनेजर गोखले साहेब वाकून बघून आले आणि मालकाला म्हणाले, “वा! बारसं आणि बारावं एकाच दिवशी उरकलंत.”

मालकाने त्यांना पेढा दिला. साहेबांनी खाल्लासुद्धा.

* * *

या सगळ्यांत एकच माणूस वेगळा निघाला, राजेंद्र कांबळे. वडील मंडईत हमाली करायचे, हे स्वतः लोकांच्या गाड्यांवर ड्रायव्हर. घराण्यातली पहिली गाडी यांनी घेतली आणि केबिनवर निळ्या अक्षरांत लेकीचं नाव काढलं, ‘संघमित्रा’.

कांबळेंनी वॉरंटीची पुस्तिका वाचली होती! अख्खी! माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कुणी ती उघडलेलीही बघितली नाही. मला येऊन म्हणाले, “ताई, पाटे नको लिहिलंय, तर नको. कमी माल भरू.”

व्यापारी त्यांना टोमणे मारायचे, “कांबळे, तुमची गाडी काय प्रदर्शनात ठेवायचीय का?” भाडी कमी मिळायची. तरी हे ठाम. आणि नेमकं यांच्याच गाडीचं मागचं हाऊसिंग, म्हणजे मागच्या चाकांना तोलून धरणारा लोखंडी कणा, जोडावर तडकलं! कंपनीचा दोष, सरळसरळ. क्लेम टाकला. कंपनीचे इन्स्पेक्टर देसाई साहेब बघून जाईपर्यंत गाडी आमच्या भिंतीला लावून ठेवली.

“मिळेल ना ताई? नाहीतर विकावी लागंल. परत दुसऱ्याच्या गाडीवर बसायचं म्हणजे...” कांबळे म्हणाले. रोज सकाळी यायचे, फडक्याने काच पुसायचे, थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे आणि निघून जायचे.

मी म्हटलं, “तुम्हाला नाही मिळणार तर कुणाला मिळणार?”

* * *

त्याच्या थोडंच आधी दुसरा एक महाभाग क्लेमला आला होता. इन्स्पेक्शन आहे म्हणून आदल्या दिवशी जादा पाटे काढून आला होता. सगळे असंच करतात. आणि सगळे एकच गोष्ट विसरतात! पाटे आवळून धरणारे बोल्ट. जादा पाट्यांसाठी लांब बोल्ट टाकलेले असतात, पाटे निघाले की ते चार बोटं बाहेर लोंबत राहतात.

गोखले साहेबांनी खाली बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. “काय हो, बोल्ट वाढत्या वयातले आहेत का?”

“कंपनीकडनंच तसे आले, साहेब!”

देसाई साहेब त्याची गाडी चालवून बघायला निघाले, तर पहिल्याच खड्ड्याला केबिनमध्ये धाडकन आवाज. सीटमागच्या गादीखाली ते दोन्ही पाटे! इन्स्पेक्शन झालं की परत लावायला बरोबरच आणले होते. देसाईंनी खिशातून पेन काढलं.

* * *

इस्माईलभाईंना स्वतःच्या कामाचा भलताच अभिमान. प्रत्येक पाट्यावर पिवळ्या रंगात ठसठशीत ‘इस्माईल’ लिहिणार म्हणजे लिहिणार. मी एकदा त्यांना म्हटलं, “अहो, निदान नाव तरी घालू नका. बिचाऱ्यांचे क्लेम लांबूनच उडतात!”

“मॅडम, काम चोख केलंय. नाव का लपवू?” भाईंनी ब्रश काही खाली ठेवला नाही.

एक गिऱ्हाईक तर फक्त वायपर चालत नाही म्हणून आलं होतं. वायपर! मी नुसता फॉर्म पुढे ओढला, तर रडकुंडीला येऊन म्हणतो, “मॅडम, आईशप्पथ सांगतो, पाटे मी नाही, मेव्हण्यानं टाकले!” कुणी विचारलं होतं का त्याला?

* * *

बबन नावाचा एक ड्रायव्हर होता. मोठा हसरा गडी. त्याच्या मालकाने दोनाऐवजी चार जादा पाटे टाकले. भरलेली गाडी छान पळते हो, पण रिकामी असली की दगडासारखी आपटते आणि ते सगळं ड्रायव्हरच्या मणक्यात. बबन आधी उशी घेऊन बसायचा, मग कमरेला पट्टा आला, मग उतरताना दाराला धरून नुसता उभाच राहायचा.

एके दिवशी माझ्या टेबलापाशी आला. “ताई, गाडीची वॉरंटी तुमच्याकडं. कमरेची कुणाकडं असते?”

सगळं ऑफिस हसलं. तोही हसला. आता तो स्वारगेटला एका पार्किंगवर खुर्ची टाकून बसतो. मी स्कूटरवरून जाताना हात करतो, उठत मात्र नाही. मला फार वाईट वाटतं आणि हात करण्यापलीकडे मी काय करणार?

* * *

शेवटी देसाई साहेब कांबळेंच्या गाडीपाशी आले. खाली पुठ्ठा टाकून आडवे झाले, टॉर्च मारला. जादा पाटा नाही. बोल्ट मूळचे. पिवळा रंग नाही. माझा जीव भांड्यात पडला.

देसाई कपडे झटकत उठले. “इतकी स्वच्छ? फार सफाईने काढलेत. बोल्टसुद्धा बदललेत!”

मला आधी कळेचना. कांबळे म्हणाले, “साहेब, टाकलेच नाहीत तर काढू कुठनं?”

“माझ्या एरियात पाट्याशिवाय एक गाडी नाही. तुमचीच तेवढी कशी असेल?”

गोखले साहेब कंपनीच्या माणसापुढे कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. “चोरी सापडत नाही म्हणून हा अट्टल चोर, असं म्हणणं आहे का आपलं?”

मी तशीच उठून इस्माईलभाईंकडे गेले. भाई हातातलं काम टाकून माझ्याबरोबर आले. “ही गाडी माझ्याकडे आलीच नाही. कुराणावर हात ठेवून सांगतो.”

देसाई हसले. “पाटेवाल्याची साक्ष! छान!”

आणि क्लेमवर शेरा मारला: ‘जादा पाटे काढून टाकले आहेत. सापडले नाहीत. वॉरंटीत बसत नाही.’

मी वर अर्ज केला, दोनदा फोन केले. वरून उत्तर आलं, इन्स्पेक्टरचा शेरा अंतिम. कांबळेंना तो कागद मीच वाचून दाखवला. त्यांनी तो माझ्याकडून घेऊन स्वतः पुन्हा वाचला, पुस्तिका वाचली होती तसा, सगळा. मग घडी घालून खिशात ठेवला. बाहेरच्या एका गॅरेजवाल्याकडून हाऊसिंग कसंबसं वेल्डिंग करून घेतलं आणि गाडी घेऊन गेले. भिंतीपाशी तेलाचा एक डाग राहिला.

* * *

बरेच महिने गेले. परवा दुपारी फाटकातून एक ट्रक आत आला. मी खिडकीतूनच ओळखला. केबिनवर ‘संघमित्रा’च्या जागी नवा रंग होता, पण उन्हात खालची निळी अक्षरं दिसत होती. स्टिअरिंगवर कांबळे.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! धावत बाहेर गेले. “अहो, ठेवली होय गाडी! मला वाटलं विकली!”

“विकलीच, ताई.” कांबळे खाली उतरले. “नव्या मालकांना ड्रायव्हर पाहिजे होता. म्हणलं, दुसरी चालवण्यापेक्षा हीच बरी. सर्व्हिसिंगला धाडलंय.”

एवढ्यात गोखले साहेबही बाहेर आले. सवयीने वाकून मागच्या चाकांकडे बघितलं आणि तसेच वाकलेले राहिले. तोंडातून शब्द नाही. गोखले साहेबांच्या तोंडातून!

मीही वाकले. कमानीत दोन नवे पाटे होते. त्यांच्यावर पिवळ्या रंगात ठसठशीत ‘इस्माईल’.

कांबळेंनी खिशातून तो घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

“ताई, देसाई साहेबांना फोन लावा,” ते म्हणाले. “म्हणावं, पाटे सापडले.”