फाटकाले लावलेला टेक

मी लोडरच्या खाली उताणा पडलो होतो. त्याचे दोन्ही लोखंडी हात वर उचललेले, अन् मी पान्यानं गळका पाइप खोलून राहिलो होतो. तेवढ्यात ते सारं धूड खाली आलं. धप्प! माया नाकाच्या बोटभर वर येऊन थांबलं.

बोंबलत बाहेर सरकलो. लोखंडावर आपटून कपाळ फुटलं. पँट ओली झाली, ते मले उभं राहिल्यावर समजलं. वर केबिनमधे शेठचा भाचा लिव्हरवर हात ठेवून हसून राहिला होता.

"मजाक केली बे! केवढा भेला पाहा!"

शेठ बांधावर खुर्ची टाकून बसला होता. तोही हसला. म्हणे, "जयंतीच्या दिवशी तर लई वाघ असता तुम्ही लोकं."

आम्ही बौद्ध, रामाकोन्याचे. बाप दुसऱ्याच्या वाडीत संत्रा तोडे. मी पांढुर्ण्याच्या गॅरेजात मशिनी शिकलो. शेठच्या लोडरचं इंजिन म्हणा, गिअर म्हणा, सारं मायाच हातानं उघडलेलं. पण केबिनमधे चढाची मले मनाई. तिथं देवाचा फोटो आहे ना! मग लिव्हरवर कोणीबी बसे, अन् मी खाली शिरे.

लोडरचे हात वर असले की त्यायले लोखंडी टेक लावा लागते. इंजिन बंद असलं तरी लिव्हर हलला की हात खाली येते. टेक असला तर येत नाही, एवढंच. सकाळीच मी विचारलं होतं, टेक कुठी आहे? शेठ म्हणे, "जामसांवलीच्या देवाचा शेंदूर लावला मशिनले. काही होत नाही. शीर खाली." अन् मी शिरलो! पोटासाठी गुमान शिरलो. कितीक वर्षं असाच शिरून राहिलो होतो.

ओल्या पँटीनं उभा होतो. रडू येत होतं, अन् राग. राग शेठवर कमी, मायावरच जास्त. त्यायची तोंडं पाहवेनात म्हणून मान वळवली, तर संत्र्याच्या वाडीचं फाटक दिसलं. मोडकं फाटक. ते पडू नये म्हणून त्याले लोडरचा टेक लावला होता. गुरं संत्रा खातीन म्हणून.

गेलो अन् टेक उपसला. फाटक आडवं पडलं.

शेठ खुर्चीवरून उठला. "अबे, गुरं घुसतीन ना वाडीत!"

"घुसू द्या," मी म्हटलं. "टेक लागल्याबिगर मी खाली जात नाही. घाई असन तर भाच्याले झोपवा खाली. लिव्हरवर मी बसतो."

आता कोणी हसलं नाही. शेठनं जातीवरून शिवी दिली अन् हाकललं. ती शिवी सांगून माया तोंडाले कशाले विटाळ!

तेव्हापासून सौंसरपर्यंत बोंब आहे, हा मेकॅनिक लई नखऱ्याचा. काम कमी भेटते. कंबर गेली, गुडघे दुखते. थकलो बाप्पा. वेल्डिंगवाल्याकडून एक टेक बनवून घेतला, तो फटफटीले बांधून फिरतो. लई जड आहे.

परवा सावरगावात एक मालक म्हणे, "पाच मिन्टाचं काम आहे, काहून एवढं ओझं वागवतं?"

मी केबिनमधे चढलो. समोर देव होता. असू दे. लोडरचे हात मीच वर केले, चावी खिशात घातली, उतरून टेक लावला. मगच खाली शिरलो. ज्याले हे चालत नसन, त्याचं लोडर तिथंच सडो.