गिरणीवाल्या शेठची जास्तीची ओळ

स्वतःच्याच धंद्याची बदनामी करायला पदरी लेखक बाळगणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच निघेल, आणि ते म्हणजे सानपाड्यातले आमचे गिरणीवाले शेठ. शेठ मूळचे इथल्याच खाडीकाठच्या गावातले. शेती शहरात गेली तेव्हा दोघा भावांनी मिळून पिठाची गिरणी टाकली. तिच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे शेठना हळू बोलणं म्हणून काही असतं हेच ठाऊक नाही. एकदा सोसायटीतल्या शोकसभेत त्यांनी शेजाऱ्याच्या कानात ‘नंतर चहा हाय का?’ असं कुजबुजून विचारलं, तर उत्तर थेट अध्यक्षांकडून आलं. माणसांना ते डब्यांवरून ओळखतात. एका लग्नात माझ्या बायकोने नमस्कार केला तरी हे आपले कोऱ्या चेहऱ्याने उभे. मी हळूच ‘निळ्या झाकणाचा डबा’ असं म्हटल्यावर चेहरा खुलला आणि भर मांडवात त्यांनी, हल्ली ज्वारी कमी केलीत का, अशी तिची चौकशी केली. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाला साखर निघाली आहे, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी दळणावरून कळतं. गहू जरा दमट लागले की डबा परत. दोन दिवस ऊन दाखवा आणि मग या. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

आणि गिऱ्हाईक जात होतंच. सीवूड्सच्या मॉलपासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जिकडेतिकडे तयार पिठाची पाकिटं. शेवटी कुणीतरी शेठना सुचवलं, की व्हॉट्सअ‍ॅपवर रोज जाहिरात टाका. शेठनी लेखक म्हणून मला नेमलं, कारण मी जन्मभर ऑफिसात परिपत्रकं लिहिली. नाव शेठचं, मी पडद्याआड. मानधन असं, की माझ्या डब्याला रांग नाही. ज्या माणसाला तासतासभर रांगेत उभं राहून शेजारणींच्या सुनांच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या आहेत, त्यालाच या मानधनाची किंमत कळेल. रोज सकाळी गिरणीतल्या बाकावर बसून मी शेठचं बोलणं वहीत उतरवून घ्यायचो आणि घासूनपुसून पाठवून द्यायचो. मग ती जाहिरात सोसायट्यांच्या ग्रुपांवर आणि शेठच्या गोतावळ्यातून पार उरणपर्यंत फिरायची.

घासणंपुसणं हेच खरं काम होतं. मी ‘शंभर टक्के शुद्ध’ लिहिलं, की शेठ ते खोडायला लावत. दगडाची एखादी कणी येते कधी, खोटं कशाला बोला, असं त्यांचं म्हणणं. तेही मी मान्य केलं असतं. पण प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी त्यांची एक जास्तीची ओळ असायची. ‘भाजणी दलून मिलेल, पन दादा दलायचा तशी नाय.’ दुसऱ्या दिवशी, नाचणी बारीक मिळेल, दादा असता तर अजून बारीक झाली असती. तिसऱ्या दिवशी, गिरणीच्या दगडाला टाकी मारून धार आणावी ती दादानेच. आता आपल्यापेक्षा आपला भाऊ सरस होता, आणि तो इथे नाही, अशी जाहिरात जगात कुणी केली आहे? मी ती ओळ रोज गाळायचो.

दादा म्हणजे शेठचे थोरले भाऊ. याच गिरणीत मिरची कांडायची की नाही, यावरून दोघांचं वाजलं. दादा म्हणे कांडू, शेठ म्हणे पिठाला ठसका लागेल. शब्दाने शब्द वाढला, आणि गिरणी माझ्या नावावर आहे, असं शेठ बोलून गेले. दादा त्याच दिवशी वहिनींना घेऊन मुलाकडे, उरणजवळ द्रोणागिरीला निघून गेले. त्यानंतर पाच वर्षं ना फोन, ना येणं-जाणं. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी शेठना ऐकवलं, की ही जाहिरात आहे, घरचं पत्र नाही. ‘तुमाला कलतं त्यातला,’ एवढंच म्हणून शेठ पुढचा डबा ओतायला गेले. भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र दादा पुन्हा शेवटच्या ओळीत हजर. मी ते शेठचं खूळ समजलो. जाहिरात आटोपशीर व्हायची, गिऱ्हाईक परत येऊ लागलं होतं, आणि खरं सांगतो, मला माझाच अभिमान वाटत होता.

यंदा उन्हाळ्यात दादा गेले. शेठ द्रोणागिरीला जाऊन खांदा देऊन आले. पंधरा-वीस दिवसांनी दादांच्या पत्नी, म्हणजे शेठच्या वहिनी, गिरणीत आल्या. मी नेहमीसारखा वही घेऊन बसलो होतो. शेठनी गिरणी बंद करून त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “भावजी, तुमची जाहिरात यायची ना, ती हे रोज वाचायचे. दोन-दोनदा. मी इचारला काय बघता, तर म्हनायचे, माझा नाव हाय का बघतो.”

मी उठून उभा राहिलो. नाव होतं, रोज होतं, ते मी काढलं, एवढंच मला सांगायचं होतं. पण शेठनी पिठाचा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि मला खाली बसवलं.

“माझाच चुकला, वयनी,” ते म्हणाले. “डोक्यात राग होता. नाय लिवला मी.”

वहिनींनी मान हलवली, पदराने डोळे पुसले आणि गेल्या. मी शेठना विचारलं, की माझा गुन्हा तुम्ही का घेतलात. शेठनी दगडावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, “तुमी तुमचा काम केला, सायेब. मना फोन करता आला असता. तोंड नाय झाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी जाहिरात सांगितली. गहू, ज्वारी, बाजरी, भाजणी. सकाळी आठ ते एक. मी लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून थांबलो. मग, आजवर कधीच विचारलं नव्हतं, ते विचारलं.

“अजून काही, शेठ?”

“नाय,” शेठ म्हणाले. “एवढाच.”

तेव्हापासून जाहिरात अगदी मला हवी तशी होते. त्यातलं काहीच गाळावं लागत नाही. पण रोज शेवटच्या शब्दानंतर मी थोडा वेळ थांबतो. वाटतं, शेठनी एकदा तरी दादांचं काहीतरी सांगावं, चांगलं लांबलचक सांगावं, आणि मी ते जसंच्या तसं उतरवून घ्यावं.