पावाच्या गाडीचा दम

“तुमचा काय संबंध?”

कुणी काहीही विचारलं, की त्याचं पहिलं उत्तर हे असायचं. किती वाजले विचारलं तरी हेच. म्हणताना हनुवटी वर जायची आणि डावा डोळा बारीक व्हायचा. जणू समोरचा माणूस खिसाच कापायला आला आहे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बोळात तो होता आणि बोळात कुणालाही तो आवडत नव्हता. मलाही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. त्याच्या घरी माझं जाणं त्याच्या बायकोमुळे. जिन्यावरून पडून तिचं कमरेखालचं अंग गेलं होतं. अंथरुणात पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. ड्यूटी संपली की मी त्या धुऊन पट्टी बांधायला जायचे. दारात तो उभा असायचाच.

“पट्टी बांधायची आन् निघायचं. बडबड न्हाय पायजे.”

“बडबड करायला तुमच्यासारखा माणूस लागतो,” मी म्हणायचे आणि त्याला ओलांडून आत जायचे.

त्यानंच तिला ढकललं, असं बोळात सगळे म्हणायचे. एकदा पट्टी बांधताना तिनं स्वतःच सांगितलं.

“ढकललं नाही हो. माहेरी भावाचं लग्न होतं, गगनबावड्याच्या घाटाखाली. ह्यांचं आणि माझ्या वडलांचं भांडण. मला जाऊ देईनात. मी ट्रंक उचलली नि निघाले. जायचं तर जा म्हणाले आणि दार लावून घेतलं. वरच्याच पायरीवर पाय सटकला. मी खाली पडून ओरडत होते आणि ह्यांना वाटलं, नाटक करतीय. शेवटी शेजारणीनं येऊन उचललं.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तो खोलीतच बसलेला असायचा आणि ती मला सांगायची, “सिस्टर, ह्यांना सांगा, खिडकी लावा.” तो उठून खिडकी लावायचा आणि मलाच म्हणायचा, “सांगा तिला, लावली.” हाताच्या अंतरावर असलेल्या दोन माणसांमध्ये मी टेलिफोनसारखी उभी.

तो उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कारखान्यात फिटर होता. मालकाशी भांडून बाहेर पडला आणि घरीच पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला. एक दिवस त्यानं एका बेकरीची जुनी व्हॅन आणून बोळाच्या तोंडाशी लावली. घरोघर पाव वाटायची ती गाडी, पिटुकल्या इंजिनाची. दार उघडलं की आतून अजून पावाचा वास यायचा. सायकलीसुद्धा अंग चोरून काढाव्या लागू लागल्या. बायकांनी तक्रार केली. उत्तर काय मिळालं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मग ठोकाठोकी सुरू झाली. आत त्यानं लोखंडी खाट पक्की केली. स्टोव्हसाठी कप्पा, पाण्याची टाकी, औषधांचं कपाट. मधोमध भोक पाडलेली एक लाकडी खुर्ची, तिच्या खाली भांडं. ती खुर्ची बघितली तेव्हा मला कळलं की हे सगळं कुणासाठी चाललंय.

गगनबावड्याखालून निरोप आला होता. तिच्या आईनं अंथरूण धरलं होतं. आई इकडे येऊ शकत नव्हती आणि ही एस.टी.त बसू शकत नव्हती. फार वेळ बसूच शकत नव्हती, एस.टी. काय नि टॅक्सी काय.

कोपऱ्यावर गॅरेज असलेल्या बाबूभाई मिस्त्रींनी व्हॅनभोवती एक चक्कर मारली.

“काम झ्याक केलंयसा. पण इंजिनात दम न्हाय. पाव वाटायची गाडी ही. पावाला वजन ते काय? ही खाट, ही टाकी, वर माणसं. घाट उतरंल. उतरायला काय, दगड बी उतरतोय. चढताना जीव सोडंल.”

“तुमचा काय संबंध?”

“संबंध न्हाय, पण वैनी असणार आत म्हणून बोललो.”

त्यानं हातातला पाना जमिनीवर आपटला. तो उडून बाबूभाईंच्या पायाशी पडला. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. बोळात मात्र दुसरा विषय राहिला नाही. चढंल का? न्हाय चढणार. पन्हाळ्यावर तो एकटाच रिकामी गाडी घेऊन जाऊन आला आणि “चढली” एवढंच म्हणाला. कुणी विश्वास ठेवला नाही.

तिला मी विचारलं, तर म्हणाली, “मी जाईन. पण ह्यांच्याशी बोलणार नाही. तुम्ही येत असाल तर जाईन.”

रजा टाकून मी गेले. त्याच्यासाठी नाही, तिच्यासाठी. गाडीत पाय ठेवला तर म्हणतो, “तुमचं वजन किती?”

“तुमच्या जिभेपेक्षा कमीच,” मी म्हटलं.

घाट उतरताना काही झालं नाही. माहेरच्या अंगणात गाडी थांबली. भावांनी खाटेसकट तिला उचलून घरात नेलं आणि आईच्या खाटेला तिची खाट लावली. दोघींनाही उठता येत नव्हतं. आईनं हात लांब करून तिच्या केसांची बट कानामागे सारली आणि म्हणाली, “वेणी कोण घालतं गो तुझी?” लेकीनं आईचा हात तिथंच धरून ठेवला.

खरं उत्तर मला ठाऊक होतं. वेणी तोच घालायचा, वेडीवाकडी, दोरी वळावी तशी. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं.

त्याला कुणी घरात बोलावलं नाही. जेवणाचं ताट ओट्याच्या कडेला ठेवून धाकटा मेहुणा पाठ फिरवायचा. ज्याच्या लग्नाला बहिणीला येऊ दिलं नव्हतं, तोच हा. आम्ही होतो तितके दिवस नवरा व्हॅनमध्येच राहिला आणि ताट विहिरीवर स्वतः धुऊन परत ठेवत राहिला. मला त्याची कीव आली नाही. एका गाडीनं ते दार उघडतं थोडंच?

निघताना भाऊ बहिणीला म्हणाला, “राहा इथंच.” ती बराच वेळ आईकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “सिस्टर, ह्यांना सांगा, गाडी काढा.” का आली परत, ते मी विचारलं नाही.

घाटाच्या दुसऱ्याच वळणावर गाडीनं जीव सोडला. पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत थांबली आणि मागे सरायला लागली. मी उडी मारून चाकाखाली दगड घातला. रेडिएटर उकळत होता. त्यानं एक शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही, आणि सामान उतरवायला लागला. टाकीतलं पाणी सोडलं, टाकी काढली. स्टोव्ह, कपाट, सगळं कठड्याजवळ ठेवलं. इतके दिवस खपून घट्ट केलेले नट दात-ओठ खात सोडवत होता. पुन्हा चालू केली. चार हात गेली आणि थांबली.

खाली जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. “काय पावणं, इंजिनात दम न्हाय व्हय?”

आता पाना उडणार, असं मला वाटलं. तो रस्त्यातच खाली बसला. हनुवटी छातीला टेकली होती. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता आणि मला ते बघायचंही नव्हतं. आतून तिनं विचारलं, “काय झालं?” मला विचारलं, त्याला नाही. तरी तोच बोलला.

“गाडीत दम न्हाय. बाबूभाई खरं बोलतोय.”

थोड्या वेळानं तो उठला आणि ट्रक ड्रायव्हरला म्हणाला, “जरा मदत करता का? गाडी फिरवायची हाय.”

“खाली जायचं?”

“वरच जायचं. मागं जायच्या गिअरला जोर जास्त असतोय.”

सामान कठड्याजवळच सोडून दोघांनी मिळून व्हॅन वळवली. आता तिचं नाक खाली कोकणाकडे आणि पाठ वर गगनबावड्याकडे. आत खाटेवरची ती पुढं घसरू नये म्हणून मी लुगड्यानं तिला खाटेला बांधलं. खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून मागे बघत त्यानं गाडी उलटी सोडली आणि ती चढायला लागली. मी गाडीच्या वरच्या अंगाला चालत वळणं सांगत होते, “आता डावीकडे घ्या, कठडा आहे.” पहिल्यांदाच तो माझं ऐकत होता. वळणावर थांबायचं, दगड लावायचा, इंजिन थंड करायचं, पुन्हा निघायचं.

पुढच्या काचेतून तिला सगळं खोरं दिसत होतं. माहेरची झाडी, नदीची रेघ. सरळ आलो असतो तर हे पाठीमागे गेलं असतं. एका वळणावर मी चाकाजवळ उभी होते, तेव्हा आतून आवाज आला.

“जरा हळू घ्या की.”

मला नव्हतं ते. “सिस्टर, ह्यांना सांगा” त्यात नव्हतं.

तो वळला. “आणि किती हळू?” म्हणाला, पण गाडी तिथंच उभी केली. खालचं घर ओळखता येतंय का, ते ती बघत बसली आणि तो घाम न पुसता तिच्याकडे.

कोल्हापुरात पोचलो तेव्हा बोळ जमला होता. बाबूभाईंनी विचारलं, “चढली का?”

“एका दमात,” तो म्हणाला.

“खोटं!” आतून ती ओरडली. “उलटी आणली. पाठ करून!” सगळा बोळ हसला. त्यानं कर्कश हॉर्न वाजवून लोकांना पांगवलं.

सुधारला वगैरे नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं नळावरून शेजाऱ्याची बादली भिरकावली. ती मात्र त्याच्याशी थोडंथोडं बोलू लागली, दोन शब्द, तीन शब्द. आईचं आणखी जास्त झालं, तेव्हा तिनंच ठरवलं की आता दोघांनी खालीच राहायचं. घाट उतरायचा, पुन्हा चढायचा नाही. मेहुण्यानं अंगणाच्या कडेची गोठ्याची खोली द्यायचं कबूल केलं होतं, असं तिनं मला सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. पहिल्यांदाच.

“तिकडं नर्स न्हाय. पट्टी बांधायला शिकवा.”

“आधी हात धुवा.”

माझ्या नळावर बसून त्यानं साबण लावला, कोपरापर्यंत. नखांत, रेषांत इंजिनाचा काळा मळ वर्षानुवर्षं मुरलेला. धुऊन हात पुढे केले. मी मान हलवली. पुन्हा धुतले. पुन्हा मी नाही म्हटलं. आता हा शिवी देऊन उठणार, असं वाटलं. त्यानं नळाजवळची नारळाची शेंडी उचलली आणि कातडी लाल होईपर्यंत घासत राहिला. मग दोन्ही तळवे उताणे करून माझ्यापुढे धरले आणि मी बघेपर्यंत तसाच बसून राहिला.