सॅन फ्रान्सिस्को किती लांब

समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान समुद्र ओलांडत होतं. शेजारी नागपूरच्या एक बाई बसल्या होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे निघालेल्या.

“सॅन फ्रान्सिस्को फारच लांब, नाही?” मी म्हटलं.

“मुलगा म्हणतो, आई, एक झोप काढलीस की पोचलीस.”

मग पडद्याकडे बघतच म्हणाल्या, “मागच्या वर्षी हे गेले. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. तेव्हा फोनवर म्हणाला, इतक्या लांबून लगेच कसा येऊ?”

दोन गावांमधलं अंतर दोन्हीकडून सारखंच असतं, असं आपण शाळेत शिकतो. माणसं ते आपल्या गरजेप्रमाणे मोजतात.

“आता तिकडेच राहणार का?” मी विचारलं.

“छे! बाळ जरा मोठं झालं की परत. परतीचं तिकीट त्यानं आधीच काढून ठेवलंय.”