खांडाच्या मागं

लिंबागणेशच्या अलीकडं हायवेवर एक जुना पूल आहे. धुळाजी धनगराचं मेंढरांचं खांड रोज सकाळी पुलाच्या पुढं रस्ता ओलांडून माळावर चरायला जातं. पुलावर गाडी दिसली की थांबायचं, पूल मोकळा दिसला की निघायचं, ही पारख त्याच्या बापाची. एकदा पहिलं मेंढरू निघालं की बाकीची अडवून अडत नाहीत. गडी पुढं हाक घालायला आणि बाई मागं कोकरं, लंगडी मेंढरं सांभाळायला, ही रीतही बापाचीच.

माझी चहाची टपरी माळाच्या बाजूला. तिथं बसून धुळाजी ऐटीत सांगायचा, की अक्कल पुढच्याला लागते, मागचं काय, कुणीबी चालंल. मला त्याचा राग यायचा, पण गिऱ्हाईक म्हणून गप्प बसायचो. त्याची बायको रतनबाई तोवर काखेत कोकरू घेऊन रस्ता ओलांडत असायची.

या उन्हाळ्यात हायवेवरच्या वेगमर्यादेच्या पाटीवरचा आकडा बदलला, ऐंशीचे शंभर झाले. ओसरी दिली की हातपाय पसरायची आपली खोड, त्यामुळं गाड्या त्याच्याही वर पळू लागल्या. धुळाजीनं पाटी पाहिली, पण पूल तोच होता, म्हणून पारखही तीच ठेवली. एका सकाळी पूल मोकळा बघून त्यानं हाक दिली. तो पोचला, मेंढरं पोचली, रतनबाई मधोमध होती आणि पुलावरून एक मोटार सुसाट आली. ब्रेक करकरले, मोटार तिला चाटून खाली मातीत उतरली. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. ड्रायव्हर घामानं भिजला होता. रतनबाईनं पदर सावरला आणि खांडामागं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी धुळाजीनं तिला पुढं घातलं. मेंढरं आपल्या हाकेला यायची नाहीत असं ती म्हणत होती, पण त्यानं कोकरू काखेत घेतलं आणि मागं राहिला. पुलापलीकडचं वळणही मोकळं झाल्यावर तिनं हाक दिली. तिनंच लहानाची मोठी केलेली मेंढरं ती, भराभर निघाली. मागं एक लंगडी मेंढी आणि धुळाजी. रस्त्याच्या मधोमध मेंढी उभी राहिली. ढकलली तरी हलेना. वळणावर ट्रक दिसला. कशीबशी मेंढी ओढत तो अलीकडं आला आणि टपरीच्या बाकड्यावर बसला. मी दिलेला चहा त्याच्या हातात तसाच राहिला.

रतनबाई आली तेव्हा त्यानं खाली बघतच विचारलं, "रोज असं भ्या वाटायचं तुला?"

"वाटायचं की."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी कवा मागं वळून बगितलंच न्हाई," ती म्हणाली आणि त्याच्या काखेतलं कोकरू तिनं घेतलं.