दुसरा गिअर

पारगावच्या पुलावर पुढच्या उसाच्या ट्रॉलीनं वेग कमी केला, म्हणून आप्पांनी तिसऱ्यातून दुसरा टाकायला घेतला. बॉक्समधून अशी खरखर उठली की माझे दात आंबले. गिअर पडला नाही. मागं डंपर, खाली भीमा, आणि आमची जुनी डिझेल जीप न्यूट्रलमध्ये. डंपरवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. शेवटी आप्पांनी दांडा दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा कुठं दणका देऊन दुसरा पडला.

"बॉक्स गेला," आप्पा म्हणाले.

आप्पा म्हणजे माझे वडील. मला निमोण्याहून खुटबावला, सासरी सोडायला निघाले होते. दिवाळीपासून त्यांचं हे गिअरबॉक्सपुराण चालू होतं. बॉक्समध्ये ट्रॅक्टरचं ऑइल ओतून झालं, दांडा कसून झाला. भावाचं म्हणणं, गाडी भंगारात घाला. आप्पांचं म्हणणं, गाडी गेली तर शिरूरला जायचं म्हटलं की रोज कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागेल, त्यापेक्षा घरात बसवून ठेवा की मला. मी आप्पांच्या बाजूची. भावाच्या विरुद्ध असायला मला तसंही फार कारण लागत नाही. बॉक्स दुरुस्त करून भावाची जिरवायची, एवढंच डोक्यात ठेवून मी जीप केडगावात आमच्या जुन्या मिस्त्रीकडे घ्यायला लावली.

मिस्त्रीनं पाना हातात घेतलाच नाही. इंजिन बंद ठेवून त्यानं सगळे गिअर टाकून बघितले. लोण्यात सुरी जावी तसे पडले. मग इंजिन चालू करून आप्पांना क्लच दाबून रिव्हर्स टाकायला सांगितला. पुन्हा तीच खरखर. बॉक्सला काही झालेलं नाही, तो म्हणाला, क्लच पुरता सुटत नाही, म्हणून गिअर ओरडतात. बॉक्स उतरवायची गरज नव्हती. मला इतका आनंद झाला की भावाला तिथूनच फोन लावणार होते.

इंजिन बंद करून मिस्त्री हातबॅटरी पेटवून गाडीखाली शिरला.

"आप्पा, पुरता दाबा."

"दाबलाय."

"आजून."

"आरं, पार फळीला टेकलाय की."

मिस्त्री सरपटत बाहेर आला आणि आप्पांकडे न बघता माझ्याकडे बघायला लागला. मी दारातून खाली वाकले. आप्पा गाडीला लक्ष्मी मानतात; चप्पल सीटमागं ठेवून अनवाणीच चालवतात, त्यांनी मला शिकवली तीही तशीच. क्लचच्या कडेवर त्यांच्या पायाची नुसती बोटं टेकली होती. पेडल अर्ध्यावरच होतं. आणि टाचेजवळ बाभळीचा काटा मोडून बसला होता, भोवतीची कातडी काळी पडलेली.

काटा कधी लागला, असं मी विचारलं.

"कुठला काटा?"

मी अंगठ्यानं त्यावर दाबलं. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी काय करतेय ते कळावं म्हणून. शुगरची गोळी ते कितीतरी वर्षं घेतात. पायाचं असं होतं हे मी ऐकलं होतं, पण ते लोकांच्या पायाचं.

मिस्त्रीनं मला स्टेअरिंगवर बसवलं. मी चप्पल काढली, इंजिन चालू केलं, क्लच दाबला, दुसरा टाकला. आवाज नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्या जिभेवर आली आणि मी ती गिळली. राग आला तो मिस्त्रीचा. बॉक्स फुटला असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

आप्पा मिस्त्रीला म्हणाले, क्लच जरा हलका करून दे, भागंल माझं. मिस्त्री हात पुसत राहिला. बोलायचं ते मलाच होतं.

"आप्पा, क्लच सुटला न्हाई तर गिअर वरडतो, आपल्याला कळतं. ब्रेक वरडत न्हाई."

आप्पांनी सीटमागून चपला काढल्या, खाली टाकल्या, आणि पाय आत गेलाय का हे डोळ्यांनी बघत एकेक पाय घातला. पलीकडून वळसा घालून माझ्या डावीकडे येऊन बसले. या गाडीत त्या बाजूला बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

खुटबाव राहिलं. मी गाडी दौंडकडे, दवाखान्यात घेतली. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे मुकाट पडत होते. पुढं बैलगाडी आडवी आली तेव्हा तिसऱ्यातून दुसरा टाकताना एकदा तरी खरखर व्हावी, असं मला मनापासून वाटलं. नाही झाली.

"बॉक्स चांगला हाय," आप्पा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.